विश्लेषण : माळावरचे मारवेल का हरवले? ते परत कसे आणायचे?

भाताची काढणी उरकली की भोर तालुक्यातील उत्रोलीसारख्या गावांत वैरणीचा हिशेब सुरू होतो. खाचरातला पेंढा किती दिवस पुरेल, डोंगरावरचे गवत किती कापून झाले आणि उरलेला उन्हाळा विकतच्या चाऱ्यावर काढावा लागेल का, हे प्रश्न पुढच्या पावसापर्यंत दूध उत्पादकाची पाठ सोडत नाहीत. खरे तर भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांत पाऊस चांगला पडतो आणि खाचरांच्या वरच्या अंगाला गवताचे माळही आहेत. तरीही चारा पुरत नाही, कारण माळावर गवत असले तरी गुरे आवडीने खातील असे गवत कमी होत गेले आहे. मारवेल, पवना, डोंगरी ही इथलीच बहुवर्षायू गवते त्यात मोडतात. ती एकदा रुजली की अनेक वर्षे टिकतात. मात्र लावण्यापेक्षा ती राखण्याचे काम अधिक नेटाने करावे लागते.

बहुवर्षायू गवत म्हणजे काय?

पावसाबरोबर उगवून, बी टाकून हिवाळ्यात मरणारी गवते एकवर्षायू. बहुवर्षायू गवताचे तसे नसते. हिवाळ्यात त्याचा वरचा भाग पिवळा पडून वाळतो, पण जमिनीलगतचा ठोंब जिवंत राहतो. नवे फुटवे याच ठोंबातून येतात आणि त्यासाठी लागणारे अन्न ठोंबात व मुळांत साठवलेले असते.

जूनच्या पहिल्या सरींनंतर दिसणारी हिरवी पालवी याच साठ्यावर वाढते. पाती मोठी झाली की गवत नवे अन्न तयार करू लागते आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात रिकामा झालेला साठा पुन्हा भरते. त्यामुळे पालवी फुटताच गुरांनी ती खाल्ली, पुन्हा फुटली, पुन्हा खाल्ली, तर ठोंबाचा खर्च होत राहतो आणि जमा काहीच होत नाही. दोन-तीन वर्षे असे चालले की ठोंब बारीक होतो आणि शेवटी मरतो. गवताच्या निगेचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

या भागातली आपली गवते कोणती?

भारतातील गवताळ आच्छादनाचे मोठे सर्वेक्षण पी. एम. दाबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांच्या नावावर आहे. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात देशातील गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार मांडले आहेत. महाराष्ट्रासह दख्खनचे पठार त्यातल्या ‘सेहिमा-डायकँथियम’ प्रकारात येते. सेहिमा म्हणजे पवना आणि डायकँथियम म्हणजे मारवेल. म्हणजे या मातीची मूळ गवते म्हणून शास्त्राने ज्यांची नावे घेतली, ती शेतकऱ्याच्या ओळखीचीच आहेत.

ही गवते फुलोऱ्यात ओळखणे सोपे जाते.

• मारवेल : कांड्याच्या पेऱ्यांवर पांढऱ्या केसांचे कडे असते. शेंड्यावर हाताची बोटे पसरावीत तसे जांभळट तुरे येतात. मध्यम ते भारी जमिनीत चांगले वाढते आणि पावसाचा खंडही सोसते. गुरे ते चवीने खातात.

• पवना : शेंड्यावर एकच तुरा येतो, रंगाला फिकट. हलक्या, मुरमाड उतारावरही तग धरतो.

• डोंगरी : मोकळा, पसरट फुलोरा, त्यावर सोनेरी-तपकिरी केस. खडकाळ डोंगरउताराचे हे गवत आहे.

• कुसळी : एकच तुरा, पण त्याला लांब काळपट कुसळे. पिकली की ती एकमेकांत पीळ घालून गुंततात.

कुसळी वाईट आणि मारवेल चांगले, असे आहे का?

पूर्णपणे नाही. कुसळीही इथलीच आणि बहुवर्षायू आहे. कोवळी असताना गुरे ती खातात. अडचण येते ती बी पिकल्यावर. कुसळ ओलाव्याने पीळ सोडते आणि वाळल्यावर पुन्हा पीळ घालते. या हालचालीमुळे टोकदार बी मातीत शिरते, तसेच मेंढीच्या लोकरीत, कातड्यात आणि जनावराच्या तोंडातही घुसते. पिकलेल्या कुसळीच्या माळावर गुरे चरायला नाखूश असतात ती यामुळेच.

माळ सतत चरला गेला आणि वरचेवर पेटला की आधी मारवेल व पवना मागे हटतात आणि त्यांची जागा कुसळी घेते. तिचे बी मातीत रुतून बसत असल्याने आगीतूनही वाचते. त्यानंतरही चराई थांबली नाही, तर कुसळीही विरळ होते आणि गुरे तोंड लावत नाहीत अशी खुरटी गवते व तण उरतात. त्याखालची माती पावसाबरोबर वाहून जाते. माळ या उतरंडीच्या कोणत्या पायरीवर आहे, हे ओळखल्याशिवाय त्यावर काय करायचे ते ठरवता येत नाही.

म्हणजे लागवड करावी की नाही?

आधी माळ पाहावा. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, म्हणजे गवत फुलोऱ्यात असताना, माळावर आडवेतिडवे फिरून दर दहा पावलांवर पायाशी कोणते गवत आहे याची नोंद करावी. शंभर ठिकाणी पाहिल्यावर चित्र स्पष्ट होते.

त्यात मारवेल, पवना, डोंगरी यांचे ठोंब बऱ्यापैकी सापडले, तर तिथे नांगर घालू नये. अशा माळाला बियाण्याची नव्हे, विश्रांतीची गरज असते. एक-दोन पावसाळे चराई बंद ठेवून वेळेवर कापणी केली की उरलेले ठोंब भरतात आणि त्यांचे बी आजूबाजूला पडून नवी रोपे येतात. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. चांगले गवत अगदी तुरळक सापडले किंवा जमीन उघडी पडली असेल, तरच लागवडीचा विचार करावा. नाचणी-वरईसाठी पूर्वी कसल्या जाणाऱ्या आणि आता पडून असलेल्या वरकस जमिनी, शेताचे रुंद बांध आणि घराजवळचे तुकडे यासाठी योग्य ठरतात.

हायब्रीड नेपियर असताना मारवेल कशाला?

दोन्हींची जागा वेगळी आहे. नेपियरचे संकरित वाण भरपूर हिरवा चारा देतात, पण त्यांना चांगली जमीन, खत आणि बारमाही पाणी लागते. विहीर किंवा उपसा सिंचनाखालचे चार गुंठे नेपियरला द्यायला हरकत नाही. वरच्या मुरमाड उतारावर पाणी नेणेच परवडत नाही. तिथे केवळ पावसावर येणारे, उन्हाळ्यात झोपून जूनमध्ये पुन्हा उठणारे गवत हवे. शिवाय मारवेल वाळवून साठवता येते. नेपियरची जाड, रसाळ कांडी तशी सहज वाळत नाही.

कोरड्या भागासाठी अंजन गवताची शिफारस होते, पण त्याला पाणी साचलेले चालत नाही. भोरच्या पश्चिमेकडे, हिरडस मावळाच्या दिशेने पाऊस वाढत जातो. त्या बाजूला अंजनाच्या नादी न लागता स्थानिक गवतांवर भर देणे शहाणपणाचे. पुणे-सातारा रस्त्याकडच्या कमी पावसाच्या, निचऱ्याच्या जमिनीत मात्र अंजन येऊ शकते.

ठोंब की बी?

थोड्या क्षेत्रासाठी ठोंब उत्तम. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलचे सुधारित वाण दिले असून ‘फुले मारवेल ०६-४०’ हा त्यांतलाच एक. विद्यापीठाचा चारा पिके संशोधन प्रकल्प आणि पुण्याजवळच्या उरुळी कांचन येथील ‘बाएफ’ संस्थेचे केंद्र येथे चारा पिकांच्या बेण्याची चौकशी करता येते. गावाच्याच एखाद्या राखलेल्या बांधावर जोमदार मारवेल असेल, तर तिथले ठोंब त्याहून सोयीचे, कारण ते इथल्या पावसाला सरावलेले असतात.

बियाणे हलके, केसाळ आणि कुसळे असलेले असते. ते हाताने फेकले तर एकमेकांना चिकटते किंवा वाऱ्यावर जाते. म्हणून चाळलेली माती आणि शेणखतात ते कालवून छोट्या गोळ्या कराव्यात, सावलीत वाळवाव्यात आणि पावसाच्या तोंडावर टाकाव्यात. बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल गाडू नये. ताजे बी लगेच उगवत नाही, त्याला काही महिन्यांची सुप्तावस्था असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोळा केलेले बी कोरड्या जागी कापडी पिशवीत ठेवून पुढच्या जूनमध्ये वापरणे हा त्यावरचा साधा मार्ग.

लागवड कशी करायची?

• वेळ : पाऊस नियमित सुरू झाल्यावर, जूनअखेर ते जुलै. पहिल्याच सरीला घाई केली आणि पुढे उघडीप पडली, तर ठोंब वाळतात.

• जमीन : सपाट तुकडा असेल तर एक नांगरट आणि कुळवणी पुरते. उतारावर सलग नांगरट टाळावी. उताराला आडव्या ओळींत कुदळीने छोटे खड्डे घ्यावेत, म्हणजे माती धुपत नाही.

• अंतर : दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन ठोंबांत ३० सेंटिमीटर. या अंतराने गुंठ्याला साधारण ७५० ठोंब लागतात.

• ठोंब : मुळे असलेली फूट घ्यावी, वरची पाने छाटून वीतभर ठेवावी आणि मुळाभोवतीची माती पायाने घट्ट दाबावी.

• खत : दहा गुंठ्यांना अर्धा टन कुजलेले शेणखत. कच्चे शेणखत टाकले तर त्यातून तणाचे बी येते.

• नांग्या : दोन-तीन आठवड्यांनी मेलेल्या ठोंबांच्या जागी नवे लावावेत.

पहिल्याच वर्षी एकर भर लावण्याचा मोह टाळावा. एका गुंठ्यात रोपवाटिका करावी. चांगली निगा ठेवली तर वर्षभरात भरलेल्या एका ठोंबातून दहा फुटी निघाल्या, तरी पुढच्या पावसाळ्यात दहा गुंठ्यांचे बेणे घरचेच होते.

गवताच्या दोन ओळींमध्ये शेंगवर्गीय चारा लावला तर वैरणीतली प्रथिने वाढतात आणि जमिनीला नत्रही मिळते. यासाठी स्टायलोची शिफारस होते. ती परदेशातून आलेली वनस्पती असल्याने निव्वळ देशी गवताचा माळ राखायचा असेल, तर माळावर आपोआप येणारी शेवऱ्यासारखी स्थानिक शेंगवर्गीय झुडपे खुरपणीत उपटू नयेत, एवढे पाळले तरी चालते.

पहिल्या वर्षी सर्वांत जास्त चूक कुठे होते?

गुरे सोडण्यात. पहिल्या पावसाळ्यात ठोंबाची मुळे पुरती धरलेली नसतात. गाय पाती तोडत नाही, जिभेने वेढून ओढते. कच्चा ठोंब मुळासकट वर येतो. त्यामुळे पहिले पूर्ण वर्ष चराई बंदच हवी. गवत वाढले तर विळ्याने कापून गोठ्यात न्यावे.

दुसरी चूक तणाकडे दुर्लक्ष करण्याची. पावसाळी तण गवतापेक्षा झपाट्याने वाढते. लागवडीनंतर तीन-चार आठवड्यांनी एक आणि त्यानंतर महिनाभराने दुसरी खुरपणी केली, तर पुढच्या वर्षापासून दाट गवतच तणाला दाबते.

कापणी कधी आणि किती उंचीवर?

या प्रश्नाच्या उत्तरावर वैरणीचा कस ठरतो. गवत फुलोऱ्यात येऊ लागते तेव्हा त्याचे वजन आणि पोषण यांचा मेळ बसलेला असतो. बी पिकेपर्यंत थांबले की कांडी कडक होते, पाने गळतात, प्रथिने घटतात. वजन तेवढेच भरले, तरी गुरांच्या पोटात जाणारे सत्त्व कमी होते. डोंगरावरचे गवत पुष्कळदा भात काढणी उरकल्यावर, म्हणजे पूर्ण वाळल्यावर कापले जाते. मजुरांची टंचाई हे त्याचे कारण खरे आहे. पण माळाचा निदान एखादा भाग भात काढणीच्या आधी, ऑक्टोबरमधल्या उघडिपीत कापला तर त्या गवताचा कस वेगळा असतो. कुसळी जास्त असलेला भाग तर कुसळे पिकण्याआधीच कापायला हवा. त्यामुळे तिचे बीही कमी पडते.

कापताना जमिनीपासून चार ते सहा बोटे खुंट ठेवावा. जमिनीला टेकवून विळा चालवला तर पुढच्या वर्षीच्या फुटव्यांचे डोळेच कापले जातात. कापलेले गवत दोन-तीन दिवस उन्हात पसरून, उलथून वाळवावे. हातात पिळल्यावर ओल लागू नये, पण पाने चुरून पडू नयेत, अशा अवस्थेत पेंढ्या बांधाव्यात. ओलसर गवताची गंजी आतून तापते आणि बुरशी धरते. गंजी उंचवट्यावर, खाली लाकडे किंवा दगड घालून रचावी.

दरवर्षी माळाचा एक तुकडा आळीपाळीने बी पडेपर्यंत राखावा. चार-पाच वर्षांनी ठोंबाचा मधला भाग मरतो आणि कडा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी ठोंब खणून, फोडून बाहेरच्या ताज्या फुटी पुन्हा लावाव्यात.

वणवा लावल्याने गवत चांगले येते, हे खरे का?

हा समज इतका रुजलेला आहे, की त्यात तथ्य किती आणि नुकसान किती हे वेगळे करून पाहायला हवे. आगीने जुनी काडी जळते, जमीन मोकळी होते, राखेतून थोडी खनिजे मिळतात आणि नवी पालवी ठळक दिसते. इतपत खरे आहे.

पण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये माळ पेटला, की ज्या महिन्यांत चाऱ्याची सर्वाधिक गरज असते त्याच महिन्यांतली वैरण जळते. जमिनीवरचे बी, कोवळी रोपे, जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि किडे नष्ट होतात. उघड्या पडलेल्या उतारावर जूनचा पहिला मोठा पाऊस थेट मातीवर आदळतो आणि ती खालच्या ओढ्यांत जाते. वर्षानुवर्षे आग लागत राहिली, की माळ मारवेलकडून कुसळीकडे सरकतो. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार गुन्हाही आहे.

जुनी काडी काढायचीच असेल तर त्याला विळा हे उत्तर आहे. गवत वेळेवर कापलेल्या माळावर जळायला फारसे काही उरत नाही. त्याच्या कडेने नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दहा-बारा फुटांचा पट्टा साफ करून जाळरेषा काढली, तर शेजारून येणारी आगही अडवता येते.

दहा गुंठ्यांतून किती दिवसांचा चारा निघेल?

नेमका आकडा जमीन, पाऊस आणि निगेवर अवलंबून असतो, पण हिशेबाची पद्धत सोपी आहे. हेक्टरी तीन टन वाळलेले गवत धरले, तर दहा गुंठ्यांत ३०० किलो मिळते. ४०० किलो वजनाच्या गाईला दिवसाला साधारण दहा किलो शुष्क चारा लागतो. त्यातला निम्मा भाग या गवतातून भागवायचा म्हटले, तर एका गाईचे ६० दिवस निघतात. एक एकर राखला तर हाच हिशेब २४० दिवसांवर जातो.

हे गवत भाताच्या पेंढ्याला पूरक आहे. पेंढ्यात प्रथिने फार कमी असतात. फुलोऱ्यात कापून वाळवलेले मारवेल त्यात मिसळले, तर पोट भरण्याबरोबर पोषणही होते. जास्त दुधाच्या संकरित गाईला मात्र हिरवा चारा आणि खुराक द्यावाच लागतो. नुसत्या गवतावर तिचे दूध टिकेल, अशी आशा धरू नये.

गायरानाचे काय?

स्वतःच्या वरकसावर शेतकरी नियम करू शकतो, गायरानावर गावाला करावे लागतात. कुरण राखण्याची पद्धत या मुलखाला नवी नाही. मराठेशाहीत घोड्यांच्या आणि गुरांच्या वैरणीसाठी कुरणे राखली जात. पानशेतच्या बाजूला कुरण नावाची गावेच आहेत. राखण, ठरलेली कापणी आणि वाटप या तीन गोष्टी कुरणाच्या मुळाशी असत.

अलीकडचा दाखला अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचा. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वीकारली. माळावर गुरे सोडायची नाहीत, गवत कापून न्यायचे, असा हा नियम. भोरपेक्षा कितीतरी कमी पावसाच्या त्या गावात जलसंधारणाच्या जोडीने गवत वाढले आणि दूधधंद्याला आधार मिळाला.

संपूर्ण चराईबंदी प्रत्येक गावाला जमेल असे नाही. ज्यांच्याकडे जमीनच नाही, त्यांच्या शेळ्या-गुरांचा विचार केल्याशिवाय केलेला नियम टिकत नाही. त्यासाठी मधला मार्ग आहे. गायरानाचे चार भाग करायचे. पावसाळ्याच्या सुरुवातीला पालवी वीतभर होईपर्यंत सर्वच भाग बंद ठेवायचे. त्यानंतर तीन भागांत आळीपाळीने चराई आणि चौथा भाग बी पडेपर्यंत राखीव. दरवर्षी राखीव भाग बदलायचा. चार वर्षांत संपूर्ण गायरानाला एकदा तरी विश्रांती मिळते. राखीव भागातले गवत कापण्याचा पहिला हक्क भूमिहीन कुटुंबांना दिला, तर राखणीला त्यांचाच हातभार लागतो.

कागदोपत्री अशा जमिनींना ‘पडीक’ म्हटले जाते आणि मग त्यांवर काहीतरी करायलाच हवे, असे वाटू लागते. कुठे झाडांसाठी खड्डे पडतात, कुठे प्लॉटच्या खुणा. झाडे लावणे चांगलेच. पण ठोंबांनी भरलेला माळ खणून लावलेले रोप उन्हाळ्यात वाळले, तर गवतही जाते आणि झाडही.

यंदा सुरुवात कुठून करायची?

हातात पावसाळा नसला तरी काम आहे. ऑक्टोबर असेल तर माळ फिरून गवते ओळखावीत आणि चांगल्या ठोंबांवर खूण करावी. नोव्हेंबरमध्ये बी गोळा करावे, जाळरेषा काढावी. उन्हाळ्यात राखण करावी. मे महिन्यात बेण्याची सोय लावून ठेवावी आणि जुलैत एक गुंठा लावावा. पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागाकडे वैरण विकासाच्या चालू योजनांची विचारणा त्याआधी करून ठेवलेली बरी. मारवेलचा हा एक गुंठा पहिल्या वर्षी जवळपास काहीच देणार नाही. तो गुरांपासून आणि आगीपासून वाचवता आला, तर दुसऱ्या जूनमध्ये तिथे पुन्हा लागवड करावी लागणार नाही. पहिल्या चांगल्या पावसानंतर जुने ठोंब आपसूक फुटतील.